मुलाला मॉन्टेसरीत घालताय? पाटी वाचून ठरवू नका

रत्नागिरी-चिपळूणकडे हल्ली दर दुसऱ्या बालवाडीवर ‘मॉन्टेसरी’ लिहिलेलं असतं. मॉन्टेसरी म्हणजे मुलांनी स्वतः साधनं हाताळत, आपल्या गतीनं शिकायची पद्धत. पण ते नाव कोणीही लावू शकतं, त्यावर कायद्याचं बंधन नाही. त्यामुळे फी विचारण्याआधी वर्ग चालू असताना तासभर मागे बसायची परवानगी मागा. नाही म्हणाले, तर तिथूनच परत फिरा.

बसलात की भिंतींवरची चित्रं सोडा, मुलांकडे बघा. तीन ते सहा वर्षांची मुलं एकाच वर्गात आहेत का? साधनं मुलांच्या हाताला येतील अशा उघड्या मांडणीवर आहेत, की कुलुपात? मूल स्वतः साधन काढतं, हवं तितका वेळ रमतं आणि जागेवर ठेवतं का? दर अर्ध्या तासाला घंटा वाजत असेल, तर पद्धत नावापुरतीच. बाईंनी मॉन्टेसरीचं प्रशिक्षण कुठे घेतलं, हेही बिनधास्त विचारा.

महागडी आयात साधनं नाहीत म्हणून नाक मुरडू नका. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये आपल्याच किनाऱ्यावर, बोर्डीला, शिंपले-खडे वापरून बालशिक्षणाचं काम उभं केलं.

आणि वर्षभरात ‘एबीसीडी’ लिहिता यावी असा हट्ट असेल, तर साधी बालवाडी बघा. घरी मात्र तांदूळ निवडायला, पाणी ओतायला आत्तापासून द्या. सांडेल, सांडू दे.