ब्रिटिश स्टीम्ड पुडिंग घरी केलं की वरून ओलं होतं आणि मधे कच्चं राहतं. काय चुकतंय? कुकरमध्ये केलं तर चालेल का?

वरून ओलं होतंय म्हणजे वाफेचं पाणी आत झिरपतंय. मधे कच्चं राहतंय म्हणजे पाण्याची उकळी मोडतेय. प्रमाण बहुधा बरोबर असेल, तरी एकदा ताडून बघा.

गोल्डन सिरप (साखरेचा घट्ट सोनेरी पाक) घातलेल्या स्पंजसाठी सव्वा लिटरचं भांडं घ्या. बिनमिठाचं बटर, बारीक साखर आणि मैदा प्रत्येकी 175 ग्रॅम, अंडी 3, बेकिंग पावडर 2 छोटे चमचे, तळाला सिरप 4 मोठे चमचे. इंग्लंडात सेल्फ-रेझिंग मैदा वापरतात, तो असेल तर बेकिंग पावडर नको. सिरपऐवजी काकवी चालते. तिची चव ट्रीकलकडे, म्हणजे इंग्रजांच्या काळपट, कडसर पाकाकडे झुकते. पातळ असेल तर आधी आटवा, नाहीतर ती पिठातच मुरते.

मऊ बटर आणि साखर पांढरट होईपर्यंत फेटा. अंडी एकेक करून घाला. फ्रिजमधली थंडगार घातलीत तर मिश्रण फुटतं. मैदा हलक्या हाताने मिसळा. पीठ चमच्यावरून थबकन पडलं पाहिजे. घट्ट वाटलं तर चमचाभर दूध. भांड्याला बटर लावून आधी सिरप, वर पीठ ओता आणि वरची 3 सेंटिमीटर जागा मोकळी ठेवा.

खरी मेख बांधणीत आहे. बटर पेपरवर फॉइल ठेवून दोन्हींना मिळून मधोमध बोटभर चुणी घाला, म्हणजे स्पंजला फुगायला वाव मिळतो. भांड्याच्या काठाखाली सुती दोरा आवळून बांधा आणि फॉइलच्या कडा दोऱ्यावर उलट्या मुडपा. त्या खाली लोंबत राहिल्या तर पाणी वर ओढलं जातं. स्टीलच्या डब्याचं घट्ट झाकण लावू नका, पुडिंग दडपतं.

खोल पातेल्यात उपडी ताटली, तिच्यावर भांडं, आणि भांड्याच्या निम्म्या उंचीपर्यंत उकळतं पाणी. जड झाकण ठेवून मंद उकळीवर पावणेदोन तास. दर अर्ध्या तासाने पाणी बघा आणि भर घालायची ती उकळत्या पाण्याचीच. गार पाणी पडलं की वाफ बसते आणि मधला भाग तिथेच अडतो. पहिला अर्धा तास फॉइलला हातही लावू नका. भांडं स्टीलचं असेल तर ते चिनी मातीपेक्षा लवकर तापतं, त्यामुळे त्यात सव्वा तासाने काडी टोचून बघा.

कुकर चालेल, पण ढोकळ्यासारखा, शिट्टी काढून. दाबाखाली पीठ फुगायच्या आत घट्ट होतं. शिट्टीशिवाय पाणी भराभर आटतं आणि आतलं दिसतही नाही, म्हणून मी पातेलंच सुचवेन.

उतरवल्यावर 5 मिनिटं थांबा, कडेने सुरी फिरवा आणि ताटलीवर उपडं करा. सोबतचं कस्टर्ड गरमच हवं. उरलेलं दुसऱ्या दिवशी परत वाफवून घ्या. गार झाल्यावर त्यातलं बटर गोठून ते दडस लागतं.