जीपार्टेडमध्ये एक्सफॅट फिकट का दिसतं?

प्रश्न : अमळनेरला माझा शूटिंगचा छोटा स्टुडिओ आहे. लॅपटॉपवर डेबियन ११ हे लिनक्स आहे. कानबाईच्या जागरणाचं शूटिंग साडेसहा जीबीच्या एकाच फाइलमध्ये आहे आणि ते पेन ड्राइव्हवर द्यायचंय. फॅट-३२ वर ४ जीबीच्या पुढची फाइल बसत नाही, म्हणून मोठ्या फाइली चालणाऱ्या एक्सफॅट प्रकारात फॉरमॅट करायला गेलो, तर जीपार्टेड या डिस्क फॉरमॅट करायच्या प्रोग्रामच्या यादीत ते फिकट दिसतं, निवडताच येत नाही. एक्सफॅटच्या कमांडचं पॅकेज, एक्सफॅट-यूटिल्स, कधीचं टाकलेलं आहे आणि टर्मिनलमधून फॉरमॅट होतंही. मग जीपार्टेडलाच काय अडचण?

उत्तर : भाऊ, तुमच्या एक्सफॅट-यूटिल्समध्ये बिघाड नाही. जीपार्टेडला एक्सफॅटप्रोग्ज नावाचं दुसरं पॅकेज लागतं. घोळ होतो तो यामुळे, की दोन्हींमधल्या फॉरमॅटच्या कमांडचं नाव एकच आहे : एमकेएफएस डॉट एक्सफॅट.

एक्सफॅट-यूटिल्स जुनं. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, एक्सफॅट नव्हतं तेव्हा ते फ्यूजवर, म्हणजे कर्नलबाहेरून, चालणाऱ्या ड्रायव्हरच्या जोडीला वापरलं जायचं. ऑगस्ट २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सफॅटची रचना खुली केली. २०२० मध्ये ५.७ कर्नलमध्ये सॅमसंगच्या मंडळींनी लिहिलेला ड्रायव्हर आला आणि एक्सफॅटप्रोग्जही त्यांच्याकडूनच आलं. जीपार्टेडने १.२.० आवृत्तीत एक्सफॅट घेतलं ते याच्या भरवशावर. म्हणून नुसती कमांड सापडली की जीपार्टेडचं समाधान होत नाही. तो तिला आवृत्ती विचारतो आणि उत्तरात एक्सफॅटप्रोग्जचं नाव आलं तरच पुढे जातो. पेन ड्राइव्हचं लेबल आणि सिरियल नंबर बदलायला तो ट्यून डॉट एक्सफॅट वापरतो. ती कमांड जुन्या पॅकेजात नाहीच.

दोन्ही पॅकेजं का नाही चालवून घेतली, असं तुमच्यासारखंच मलाही वाटायचं. जळगावच्या माझ्या क्लासात मुलांना द्यायचे तीस पेन ड्राइव्ह तयार करायला मी एक स्क्रिप्ट लिहिली होती. प्रत्येकाला वेगळा सिरियल नंबर मिळावा म्हणून फॉरमॅट करतानाच कमांडला ‘डॅश आय’ हा पर्याय द्यायचो. मशीनवर एक्सफॅटप्रोग्ज आलं आणि पहिल्याच ड्राइव्हवर स्क्रिप्ट अडली, कारण या एमकेएफएसला ‘डॅश आय’ ठाऊकच नव्हता. माझी स्क्रिप्ट थांबली, नुकसान झालं नाही. पण एकाच नावामागे दोन वेगळी माणसं उभी आहेत हे त्या दिवशी पक्कं कळलं. जीपार्टेड लोकांच्या डिस्कवर हात घालतो. दोन्ही सांभाळायची तर प्रत्येक कामाच्या दोन वाटा लिहायच्या, दोन्हींच्या प्रत्येक आवृत्तीवर तपासायच्या, आणि त्यातली एक वाट कर्नलमधल्या ड्रायव्हरनंतर मागे पडत चाललेली. त्यांनी एकच धरलं हे मला पटतं. खटकतं ते एवढंच, की पडद्यावर कारण दिसत नाही. ‘जुनं पॅकेज सापडलं, नवं टाका’ एवढी एक ओळ तिथे असती, तर तुमची संध्याकाळ वाया गेली नसती.

आता करायचं काय? पॅकेजं टाकायचा प्रोग्राम सिनॅप्टिक उघडा आणि एक्सफॅटप्रोग्ज निवडा. दोन्ही एकत्र राहत नाहीत, म्हणून एक्सफॅट-यूटिल्स काढू का असं विचारेल, हो म्हणा. ड्राइव्ह वाचता येणार नाही ही भीती नको. डेबियन ११ च्या ५.१० कर्नलमध्ये एक्सफॅटचा ड्रायव्हर आहेच. मग जीपार्टेडच्या ‘व्ह्यू’ मेनूत ‘फाइल सिस्टिम सपोर्ट’ उघडून ‘रीस्कॅन’चं बटण दाबा. एक्सफॅटच्या ओळीत ‘क्रिएट’खाली बरोबरची खूण आली की झालं. ‘ग्रो’ आणि ‘श्रिंक’खाली मात्र फुलीच राहील. एक्सफॅटचं पार्टिशन जीपार्टेडमधून लहान-मोठं करता येत नाही, तेव्हा आकार आधीच ठरवा.

आणि ‘अप्लाय’ दाबण्याआधी वर उजव्या कोपऱ्यात कोणता ड्राइव्ह निवडलाय ते जीबीच्या आकड्यावरून बघा. जागरणाची ती फाइल पेन ड्राइव्हवर जाईपर्यंत लॅपटॉपखेरीज आणखी एका डिस्कवर उतरवून ठेवा. कानबाई परत येईल ती पुढच्या श्रावणातच.