गोळी चालू आहे, तरी थंडीत बीपी का वाढतं?

मी समुपदेशक आहे. दिवाळी सरली की माझ्याकडे एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडून येते. "ताई, गोळी एकदाही चुकवली नाही, तरी बीपी चढतंच आहे." मे महिन्यात याचं दुसरं टोक ऐकू येतं. "बीपी नॉर्मल आलं, म्हणून गोळी सोडली." निफाडकडच्या एका द्राक्ष बागायतदारांच्या बाबतीत तर दोन्ही घडलं होतं. त्यांना इथे अण्णा म्हणते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं ते झोप उडाली म्हणून. "रात्री किती वेळा मोजता?" मी विचारलं. उत्तर काकूंनी दिलं, "मोजायचं थांबतात कुठं? पट्टा दंडाला तसाच ठेवून झोपतात."

"१६२ आकडा दिसला की मनात पहिलं काय येतं, अण्णा?"

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "थोरला भाऊ." चार वर्षांपूर्वी जानेवारीतच भावाला लकवा झाला होता. मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीने, म्हणजे त्रास देणारे विचार तपासून बदलण्याच्या पद्धतीने, काम करते. आकड्यापेक्षा आकड्याला आपण जोडलेला अर्थ माणसाला जास्त छळतो, हे मी इतक्या वर्षांत पुन्हापुन्हा पाहिलं आहे. अण्णांसाठी प्रत्येक आकड्याचा अर्थ एकच होता: गोळी लागू पडत नाही, आता माझी पाळी.

तिसऱ्या भेटीत ते वही घेऊन आले. पुढच्या पानांवर बागेची नोंद, म्हणजे फवारणी, पाणी, पहाटेचं तापमान. वही उलटी धरली की बीपी. मी एकच तारीख दोन्हीकडे शोधली. पुढे लिहिलं होतं, '६ अंश. पहाटे शेकोट्या.' मागे, '१६८/९६. गोळी लागू नाही.'

"अण्णा, त्या दिवशी बागेत तुमचं काय चुकलं होतं?"

"चुकलं कुठं? थंडीच तशी पडली. मणी फुगायचे थांबतात, म्हणून धूर केला, ठिबक सोडलं."

"आणि मागच्या पानावर?"

त्यांनी पान उलटलं, परत पुढे आणलं. दोन्ही नोंदींवर बोट ठेवून बसून राहिले. "म्हणजे... हीच थंडी?"

थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, हे डॉक्टरांनी त्यांना आधीच सांगितलं होतं. ते पटलं मात्र स्वतःच्या अक्षरात वाचल्यावर. तो क्षण मला आजही समाधान देतो. पण त्याच वेळी पोटात गोळाही आला, कारण 'थंडीचंच आहे ना, मग राहू दे' म्हणायला माणसाला वेळ लागत नाही. म्हणून लगेच विचारलं, "थंडी पडली म्हणून तुम्ही बाग सोडून दिलीत का?"

अण्णा पहिल्यांदा हसले. "नाही. पाणी सोडलं."

माझं सगळं सांगणं त्या उत्तरात आलं. हिवाळ्यात वरचा आकडा उन्हाळ्यापेक्षा सरासरी पाचेक अंकांनी जास्त असतो, वय वाढेल तसा हा फरकही वाढतो. पण हिवाळ्यातलं वाढलेलं बीपीही मेंदूला आणि हृदयाला तितकंच जड जातं. तेव्हा आठवडाभराची नोंद घेऊन डॉक्टरांकडे जावं. डोस बदलायचा की नाही, ते ठरवतील. उन्हाळ्यात रक्तवाहिन्या सैलावतात, घामावाटे पाणी आणि मीठ जातं. लघवी वाढवणारी गोळी असेल तर उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. अण्णांनी मे महिन्यात गोळी सोडली ती बीपी नॉर्मल आलं आणि अशी चक्करही यायची म्हणून, आणि पुन्हा सुरू केली थेट दसऱ्याला. चक्कर आली तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावं, गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

मोजण्याचंही सांगते. अण्णा मोजत होते पहाटे, बागेतून आल्या आल्या, गार ओट्यावर, चहा आणि तंबाखूनंतर. आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, लघवीला जाऊन या. उबदार खोलीत पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसा. दंड छातीच्या पातळीत हवा. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, सकाळी आणि संध्याकाळी. रात्री पुन्हापुन्हा मोजलं तर धास्तीनेच आकडा चढतो. मात्र बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, हात किंवा पाय लुळा पडला, छातीत दुखलं, तर मोजत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. आणि थंडीत तोंडी लावायला येणारं लोणचं, पापड? दिवसाचं सगळं मीठ मिळून पाच ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा (टीस्पून).

डॉक्टरांनी त्या हिवाळ्यात अण्णांचा डोस वाढवला. तंबाखू अजून पूर्ण सुटलेली नाही, त्यावर आमचं काम चालू आहे. फेब्रुवारीत आले तेव्हा वहीत तापमान आणि बीपी शेजारी शेजारी होते. एप्रिलच्या पानावर आगाऊ लिहून ठेवलं होतं, 'खरड छाटणी. त्याच आठवड्यात डॉक्टर, गोळीचं विचारणे.'