फोटोमागचं 'गिरगाव, १९२५' कितपत खरं?

तुमच्या आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेतले दोन्ही फोटो निवांत मोठे करून पाहिले. तुमचा प्रश्न होता की ट्रामच्या फोटोमागे 'गिरगाव, १९२५' लिहिलंय ते खरं मानायचं का. थोडक्यात सांगायचं तर साल नक्की चुकलंय, आणि गावही बहुधा चुकलंय.

सालापासून सुरू करतो. डबलडेकर ट्राम मुंबईत १९२० साली आली, त्यामुळे नुसती ट्राम पाहून १९२५ पटतं. बहुतेक जण तिथेच थांबतात. ट्राम, व्हिक्टोरिया घोडागाडी, टोपीवाले बाप्ये दिसले की झालं, जुनी मुंबई! पण उजवीकडच्या हॉटेलाच्या दारातली फळी बघा. पदार्थांची नावं पुसट झालीत, तरी भावांच्या पुढे 'न. पै.' दोनदा स्वच्छ वाचता येतं. न. पै. म्हणजे नवे पैसे. आणे जाऊन ते आले १ एप्रिल १९५७ला. आणि मुंबईतली शेवटची ट्राम धावली ३१ मार्च १९६४च्या रात्री. म्हणजे फोटो या दोन तारखांच्या मधला. बरोब्बर सात वर्षं, एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही.

मग १९२५ कुठून आलं? मागच्या बाजूचा तुमचा स्कॅन नीट बघा. गावाचं नाव शाईच्या पेनाने लिहिलंय, साल बॉलपेनने. बॉलपेन आपल्याकडच्या बाजारात आलं तेच दुसऱ्या महायुद्धानंतर. घरातल्या कुणीतरी पुढे कधीतरी अंदाजाने साल टाकलं असणार. आमच्याकडेही एका फोटोमागे तीन वेगवेगळ्या अक्षरांत तीन सालं आहेत, आणि प्रत्येक आत्या आपलंच खरं म्हणते.

आता गावाचं. डावीकडच्या पाटीवर शेवटी '१२' आहे, तो तुम्ही घरनंबर समजलात. त्याच्या आधीचं अक्षर फाटलंय, पण अनुस्वार आणि 'ई'चा रफार शिल्लक आहे. ते 'मुंबई १२' असावं. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला आला. त्याआधी पत्त्यात नुसता टपाल विभागाचा आकडा लिहीत. तोच आकडा पुढे पिनकोडच्या शेपटाला राहिला. गिरगाव मुंबई ४ होतं, आजचं ४००००४. बारा म्हणजे परळ-लालबाग, ४०००१२. शिवाय चाळीच्या कौलांवरून डोकावणारी ती धुराची चिमणी! गिरगावात चाळी ढीगभर होत्या, पण अशी चिमणी म्हणजे गिरणीच. ट्रामचे मार्गही एकेक करून बंद होत गेले आणि शेवटी उरला तो बोरीबंदर ते दादर, म्हणजे परळकडूनच जाणारा.

आता पुन्हा मागचं अक्षर बघा. 'गिर' आणि 'गाव' यांच्यामध्ये पाण्याचा डाग आहे आणि जागा जरा जास्तच सुटली आहे. माझ्या मते तिथे एक 'ण' होता. गिरणगाव!

यापुढचं मात्र शपथेवर सांगणार नाही. ट्रामच्या मागे भिंतीवर चुन्याने रंगवलेलं '…च पाहिजे' एवढंच दिसतं. ते 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' असेल तर फोटो १ मे १९६०च्या आधीचा म्हणायचा मोह होतो. पण राज्य झालं म्हणून दुसऱ्या दिवशी कुणी भिंती धुवायला गेलं नव्हतं. त्यामुळे माझा कल १९५७ ते ६०कडे, इतकंच.

दुसऱ्या फोटोबद्दल. राजाबाई टॉवर अर्धाच उभा आहे, बांबूची परांची लागलीय. टॉवरचं काम १८६९ ते १८७८ चाललं, तेव्हा काळ त्यातलाच. तुम्ही विचारलंत, रस्त्यावर चिटपाखरू कसं नाही, मुंबई एवढी रिकामी होती का? छे. १८७२च्या जनगणनेतच वस्ती साडेसहा लाखांच्या आसपास होती. तेव्हा फोटो रसायन लावलेल्या ओल्या काचेवर काढत, आणि तिच्यावर चित्र उमटायला काही सेकंद लागत. तेवढ्यात जो चालला तो उमटलाच नाही. उभी गाडी दिसते, घोड्याचं डोकं मात्र धूसर, कारण त्याने मान हलवली. भिंगाखाली ठिपके दिसतायत का बघा. दिसले तर हा मूळ फोटो नाही, पुस्तकातून किंवा कॅलेंडरातून कापलेलं छापील चित्र आहे. आणि एक खबरदारी. काचेची निगेटिव्ह उलटी ठेवून छापली की डावं-उजवं बदलतं. याच टॉवरच्या एका चित्रावरून मी पंधरा दिवस 'बनावट आहे' म्हणून भांडलो होतो. शेवटी एका कॉलेजच्या पोराने दाखवून दिलं की कोपऱ्यातल्या पाटीची अक्षरंच आरशातल्यासारखी उलटी आहेत.

लालबागला जाऊन त्याच जागी उभं राहायचा विचार असेल तर परळ रोडला आता डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग म्हणतात, आणि वरून उड्डाणपूल गेलाय. तेव्हा समोरून काही जुळणार नाही. फुटपाथवरून चाळीच्या लाकडी गॅलरीचे कठडे आणि गल्लीचं वळण जुळवत चला. भारतमाता सिनेमाच्या आसपासपासून सुरुवात करा, आणि फोटोचा मोठा प्रिंट हातात ठेवा. मोबाईलवर दाखवला तर म्हातारी माणसं नुसती मान डोलावतात. कागद हातात दिला की चष्मा शोधतात.

त्याआधी ट्रंक पुन्हा एकदा उपसा. जुनं रेशनकार्ड, गिरणीचा पास, गावाहून आलेलं एखादं पोस्टकार्ड, काहीही चालेल. पत्त्याच्या शेवटी बारा निघाले तर इथे फोटो टाका. चार निघाले तर माझा 'ण' मी मागे घेतो.