थायलंडला कायमचं जायच्या आधी

काका, म्हापशातला फ्लॅट एवढ्यात विकू नका, भाड्यानं द्या. आधी मार्चमध्ये महिनाभर थायलंडच्या उत्तरेतल्या चियांग माईला राहून बघा. डिसेंबरातली गुलाबी थंडी सगळ्यांनाच भुलवते. मार्चमध्ये शेतं, रानं जळतात आणि धुरानं समोरचा डोंगर दिसेनासा होतो. माझा दमा तिथंच बळावला, मग गाशा गुंडाळून हुआ हिनला गेलो. समुद्राकाठची दमट हवा आपल्याला घरचीच. निवृत्तांच्या व्हिसासाठी वय 50 पूर्ण, शिवाय बँकेत 8 लाख बाथ (तिथलं चलन) किंवा महिना 65 हजार बाथ उत्पन्न दाखवावं लागतं. दर 90 दिवसांनी पत्ता कळवायचा. जमीन आपल्या नावावर होत नाही. फ्लॅट होतो, पण एका इमारतीतली 49 टक्क्यांपर्यंतच जागा परदेशी लोकांच्या नावावर होऊ शकते. सुंगटं, म्हणजे कोळंबी, भरपूर मिळतात. आमसुलं मात्र इथूनच न्या.