घरपट्टीचे प्रश्न: बिलावरचा एक शब्द

घरपट्टीची बिलं दारात पडायला लागली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रंगच बदलतो. एका महापालिकेच्या करआकारणी खात्यात मी ३१ वर्षं नोकरी केली. सुरुवातीची वर्षं हातात टेप घेऊन घरोघरी मोजणीला जाण्यात गेली, शेवटची हरकतींच्या सुनावणीत. लोक कर भरायला नाखूश असतात, असं मला कधी वाटलं नाही. आपल्याला हा आकडा का आला, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं असतं, आणि ते सांगायला खिडकीपलीकडे बहुधा कुणाला वेळ नसतो. यंदा आलेल्या पत्रांतली चार इथे घेतली आहेत. नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : आमचा फ्लॅट २०२० साली ताब्यात आला. क्षेत्रफळ ७०० चौरस फूट. शेजारच्या सोसायटीत माझ्या बहिणीचा तेवढाच फ्लॅट आहे, तो २०१२चा. आमची घरपट्टी तिच्यापेक्षा दीडपटीहून जास्त येते. आमचं घर महाग पडलं, म्हणून कर जास्त का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : नाही ताई. तुम्ही घर केवढ्याला घेतलं याचा पुण्याच्या घरपट्टीशी थेट संबंध नाही. पुण्यात कर बसतो तो भाडेमूल्यावर. हे घर भाड्याने दिलं तर वर्षाला वाजवी भाडं किती येईल, ते महापालिकेने ठरवलेल्या दराने काढतात. तुम्ही घर भाड्याने दिलं नसलं तरी हिशोब तिथूनच सुरू होतो. त्यातून देखभाल-दुरुस्तीसाठी १० टक्के वजा करतात. उरते ती करपात्र रक्कम. सर्वसाधारण कर, सफाईपट्टी वगैरे सगळं तिच्यावर टक्केवारीने लागतं.

आता पुण्याची खास गोष्ट. मालक स्वतः राहत असेल तर भाडेमूल्यात ४० टक्के सवलत द्यायची, असा ठराव पुणे महापालिकेने १९७० साली केला. पुण्याच्या कितीतरी पिढ्या या सवलतीत राहिल्या आणि अनेकांना ती मिळतेय हेही ठाऊक नव्हतं. पुढे लेखापरीक्षणात तिच्यावर आक्षेप आला आणि २०१९ साली राज्य शासनाने तो जुना ठराव रद्द केला. त्यामुळे १ एप्रिल २०१९ नंतर ज्या घरांची पहिल्यांदा आकारणी झाली, त्यांना सवलतीविना बिलं गेली. तुमचं घर नेमकं त्यात सापडलंय. बहिणीचं घर आधीचं, म्हणून तिची सवलत चालू राहिली. २०२३ साली शासनाने सवलत पुन्हा सुरू केली, पण मधल्या काळातल्या घरमालकांना ती आपोआप मिळाली नाही. त्यांनी पीटी-३ नावाचा अर्ज भरायचा होता. तुमच्या पत्रावरून तो भरलेला दिसत नाही.

हिशोब मांडून दाखवते. समजण्यापुरता महिन्याला चौरस फुटामागे २ रुपये दर धरू. तुमचा खरा दर आकारणीच्या उताऱ्यावर असेल. ७०० चौरस फुटांचं महिन्याचं भाडेमूल्य १,४०० रुपये, वर्षाचं १६,८००. सवलत नसेल तर १० टक्के वजा जाऊन करपात्र रक्कम १५,१२० राहते. सवलत असेल तर आधी ४० टक्के गेले की उरतात १०,०८०, त्यातून १० टक्के गेले की ९,०७२. दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा. सवलत गेली की बिल ४० टक्क्यांनी वाढत नाही, ६६ टक्क्यांहून जास्त वाढतं. 'दीडपटीहून जास्त' हे तुम्ही अगदी बरोबर ओळखलंत. उरलेला थोडा फरक दराचा असू शकतो, कारण दोन इमारतींची पहिली आकारणी वेगवेगळ्या वर्षी झाली आहे.

आता करायचं काय? पीटी-३ अर्जासोबत तुम्ही तिथेच राहता याचे पुरावे जोडा: सोसायटीचं पत्र, आणि त्याच पत्त्याचं मतदार ओळखपत्र, गॅसचं पुस्तक, रेशनकार्ड, वाहन परवाना असं काही. शहरात तुमच्या नावावर दुसरी मिळकत असेल तर तीही सांगा, लपवू नका. अर्जाच्या तारखा आतापर्यंत पुढे-मागे झालेल्या आहेत. म्हणून शेजाऱ्याच्या सांगण्यावर न राहता आपल्या भागाच्या पेठ निरीक्षकाला, म्हणजे करखात्याच्या त्या भागातल्या माणसाला, गाठा आणि चालू वर्षाची तारीख त्याच्याकडून घ्या. जास्तीची भरलेली रक्कम पुढच्या बिलांतून वळती करून द्यावी, अशी लेखी मागणी त्याच वेळी करा. अर्ज देईपर्यंत बिल मात्र थकवू नका. थकलेल्या रकमेवर महिन्याला २ टक्के शास्ती चढते, म्हणजे वर्षाला २४. कुठल्याही बँकेच्या गृहकर्जापेक्षा हे महाग आहे.

आणखी एक. उद्या तुम्ही हे घर भाड्याने दिलंत तर सवलत सोडावी लागेल. ते स्वतःहून कळवा. मागाहून उघडकीला आलं की मागच्या वर्षांचा फरक एकदम अंगावर येतो. सुनावणीत अशी माणसं माझ्यासमोर बसलेली मी पाहिली आहेत, आणि त्यांना मदत करायला माझ्या हातात नियमाचं एकही टोक नसायचं.

प्रश्न : तळमजल्यावर सासऱ्यांची पिठाची गिरणी होती. ते गेल्यावर ६ वर्षांपूर्वी ती बंद झाली, यंत्रंही विकली. आता त्या खोलीत माझा मुलगा अभ्यास करतो, तिथेच झोपतो. बिल मात्र तेवढंच येतं. असं का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बिल काढून त्या खोलीच्या ओळीत 'वापर' हा रकाना वाचा. तिथे अजून 'बिगरनिवासी' लिहिलेलं असणार. बिगरनिवासी जागेचा दर निवासी जागेपेक्षा कितीतरी जास्त असतो. गिरणी बंद झाली हे महापालिकेला कुणी कळवलं नसेल, तर तिच्या नोंदीत ती अजून चालूच आहे.

तुमचं पत्र वाचताना मला एक बाई आठवल्या. नोकरीच्या मधल्या वर्षांत फेरमोजणीसाठी एका जुन्या वाड्यात गेले होते. रस्त्याकडच्या खोलीत पूर्वी शिवणकामाचं दुकान होतं. नवरा वारला, दुकान मिटलं, आणि बाईंनी तिथे आपल्या आजारी सासूची खाट टाकली. मी दारात उभी राहिले तेव्हा सासूबाई खाटेवर होत्या, उशाशी पाण्याचा तांब्या होता, आणि माझ्या हातातल्या कागदावर त्या खोलीसमोर 'दुकान' लिहिलेलं होतं. ८ वर्षं बाई दुकानाचा कर भरत होत्या. लोकांच्या घरी धुणीभांडी करून. एकही हप्ता चुकवलेला नव्हता, सगळ्या पावत्या पत्र्याच्या डब्यात तारखेप्रमाणे लावून ठेवलेल्या. त्या ८ वर्षांत खात्याचा माणूस त्या दारात एकदाही गेला नव्हता. मी त्याच दिवशी वापर बदलण्याचा अहवाल लिहिला आणि त्या वर्षापासून बिल उतरलं. मागचे पैसे मिळवून देण्यासाठी पुष्कळ धडपडले, पण बाईंचा एकही अर्ज दप्तरात नव्हता, आणि अर्ज नाही म्हणून परतावा नाही, असंच वरून उत्तर आलं. ते उत्तर बाईंना सांगायला मी स्वतः गेले. 'एक कागद द्यायचा असतो हे कुणी सांगितलंच नाही हो,' त्या म्हणाल्या. हे सदर मी चालवते ते त्या वाक्यामुळे.

म्हणून ताई, हा अंक हातात असतानाच अर्ज लिहा. वापर निवासी झाला आहे, कधीपासून झाला आहे, आणि जागेची पाहणी करून नोंद बदलावी, असं त्यात स्पष्ट लिहा. गिरणीचा व्यावसायिक वीजजोड बंद केल्याचा कागद असेल तर तो सगळ्यात भक्कम पुरावा. यंत्रं विकल्याची पावती असली तर तीही जोडा. पाहणीला माणूस येईल तेव्हा घरात थांबा आणि त्याला आत येऊन मोजू द्या.

पाहणीनंतर आकारणी बदलताना कर वाढणार असेल, तर महापालिकेने तुम्हाला विशेष नोटीस द्यायला हवी. तिच्यात हरकतीची मुदत लिहिलेली असते. त्या मुदतीत लेखी हरकत द्या आणि सुनावणीला स्वतः जा. सुनावणीतल्या निर्णयानेही समाधान झालं नाही, तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४०६खाली न्यायालयात अपील करता येतं. पण त्याला अवघे १५ दिवस असतात, आणि वादातली रक्कम आधी महापालिकेत भरावी लागते. बहुतेकांचं अपील या दोन गोष्टींवरच अडतं. तेव्हा आपली सगळी ताकद सुनावणीतच लावा. मी सुनावणीला बसायचे तेव्हा नकाशा, फोटो आणि आधीची बिलं क्रमाने लावून आणणाऱ्या माणसाचं काम बहुतेक तिथेच संपायचं.

प्रश्न : मुलुंडला आमचं ४८० चौरस फूट कार्पेटचं घर आहे. ५०० फुटांपर्यंत मालमत्ता कर माफ झाला म्हणतात, तरी सोसायटी दरमहा आमच्याकडून कर घेते. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, मुंबई

उत्तर : काका, मुंबईत ५०० चौरस फूट, म्हणजे ४६.४५ चौरस मीटर कार्पेटपर्यंतच्या निवासी घरांना १ जानेवारी २०२२पासून मालमत्ता कर माफ आहे. तुमचं घर त्यात बसतं. मुंबईत पुष्कळ ठिकाणी बिल घराच्या नावाने येत नाही, पूर्ण इमारतीचं सोसायटीच्या नावाने येतं. महापालिकेने दिलेली माफी सभासदापर्यंत पोचवणं मग सचिवांच्या हातात राहतं. काही ठिकाणी एकूण रक्कम सगळ्या घरांत सारखी वाटून टाकतात. तसं करायचं नसतं. सचिवांकडे महापालिकेच्या बिलाची पूर्ण प्रत मागा आणि तुमच्या घरासमोर किती क्षेत्रफळ व किती कर लावलाय ते बघा. तिथे शून्य असेल तर तुमच्या मेंटेनन्सच्या बिलातही शून्यच हवं. क्षेत्रफळ चुकीचं, म्हणजे ५००च्या वर लिहिलेलं असेल, तर भांडण सोसायटीशी नाही, महापालिकेच्या करनिर्धारण खात्याशी आहे. मंजूर नकाशा घेऊन वॉर्ड ऑफिसात जा.

लक्षात घ्या, ५१० फुटांच्या घराला फक्त वरच्या १० फुटांचा कर लागत नाही, सगळ्या ५१० फुटांचा लागतो. म्हणून शेजारचं घर घेऊन मधली भिंत पाडण्याचा विचार असेल तर हे आधी गणितात धरा. मुंबईचा कर २०१०पासून भांडवली मूल्यावर, म्हणजे मालमत्तेच्या किमतीवर आहे. त्यात रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेला भाव, इमारतीचं वय, बांधकामाचा प्रकार हे सगळं येतं. तेव्हा वर कोथरूडच्या ताईंना सांगितलेला हिशोब तुम्हाला लागू नाही.

प्रश्न : संगमेश्वर तालुक्यातल्या गावी आमचं कौलारू घर आहे. वडील सैन्यात होते, ते २ वर्षांपूर्वी गेले. घरपट्टीची पावती अजून त्यांच्याच नावाने येते. आई तिथे एकटीच राहते. मी ठाण्याला असतो. घर माझ्या नावावर करून घ्यायला घरपट्टी भरल्याची पावती पुरेल का? आणि आईला काही सवलत आहे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी आईचं बघू. माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना राज्यात एका घराची घरपट्टी माफ आहे. २०२०च्या बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजनेखाली ही माफी शहरांत आणि ग्रामपंचायतींतही मिळते. रत्नागिरीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात वडिलांची सेवेची कागदपत्रं आणि आईचं ओळखपत्र घेऊन जा, तिथला दाखला घ्या आणि अर्जासोबत ग्रामपंचायतीत द्या. फौजेत आयुष्य घालवलेल्या माणसाच्या पत्नीने २ वर्षं विनाकारण घरपट्टी भरली, याचं मला फार वाईट वाटतं. या महिन्यातच हे काम करा.

आता पावतीचं. घरपट्टीची पावती मालकीचा पुरावा होत नाही. ग्रामपंचायतीचा नमुना ८ ही करआकारणीची नोंद असते. कर कुणाकडून घ्यायचा एवढंच ती सांगते. वर्षानुवर्षं पावत्या जपून ठेवल्या म्हणजे घर आपलं झालं, या समजुतीवर कितीतरी भाऊबंद कोर्टात गेलेले मी पाहिले आहेत.

नोंद बदलायला ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) अर्ज द्या. सोबत मृत्यूचा दाखला आणि वारसांची कागदपत्रं लागतील. अर्ज मासिक सभेपुढे जातो, तिथे मंजूर झाला की नमुना ८मध्ये नावं चढतात. आणि 'माझ्या नावावर' असं जे लिहिलंय, तिथे थांबा. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल तर घर तुमच्या एकट्याचं नाही. आईचा वाटा आहे. बहिणी असतील तर त्यांचाही आहे, लग्न होऊन सासरी गेल्या असल्या तरी. अर्जात सगळ्या वारसांची नावं लिहा. माझ्या माहेरी बहिणींची नावं गाळून अर्ज झाला होता, आणि पुढे ती नोंद दुरुस्त करायला ११ वर्षं गेली. त्यातली शेवटची ३ वर्षं माझी आई अंथरुणावर होती.

पहिलं नाव आईचं घाला. अर्ज दोन प्रतींत न्या, एकीवर तारखेसह पोच घ्या, आणि ती प्रत ठाण्याला न आणता आईजवळच ठेवा. पाहणीला कुणी आलं तर दार तिलाच उघडायचं आहे.