काका म्हणजे ओळखीचेच ना?

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा, स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. दोन-तीन शब्दांची वाक्यं बोलतो. ‘अनोळखी माणसाबरोबर जायचं नाही’ हे त्याला तोंडपाठ आहे, तरी कोणी हात पुढे केला की धरून चालू लागतो. काय करावं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : वाक्य पाठ आहे, पण वागण्याचा सराव झालेला नाही. शिवाय ‘अनोळखी’ हा शब्दच फसवा. रिक्षावाला, वॉचमन, लिफ्टमधला शेजारी या सगळ्यांना आपणच ‘काका’ म्हणायला लावतो. मग काका अनोळखी कसा? म्हणून कोणाबरोबर जायचं, तेवढंच शिकवा. पाच-सहा माणसांचे फोटो एका कार्डावर चिकटवा. नियम एकच : ‘फोटो नाही, जायचं नाही.’ व्हॅनचा चालक बदलला तर फोटो त्याच दिवशी, मुलाच्या देखत बदला. ‘हा शब्द सांगेल त्याच्याबरोबरच जायचं’ अशा गुप्त शब्दाच्या भानगडीत पडू नका. ऐकलेलं घोकत राहणारं मूल तो शब्दही चारचौघांत मोठ्याने म्हणेल.

मग कृती : ‘नाही’ म्हणणं, तिथून लांब जाणं, घरच्या माणसाला सांगणं. आधी तुम्ही करून दाखवा, मग त्याच्याकडून करून घ्या, चुकलं तर लगेच पुन्हा. रोज दहा मिनिटं पुरतात. बरीच मुलं ‘नाही’ म्हणतात आणि तिथेच उभी राहतात, तेव्हा पाय हलेपर्यंत शाबासकी देऊ नका. बोलणं जमत नसेल तर ‘नाही’ऐवजी तळहात पुढे करणं चालेल.

आमिषं वेगवेगळी घ्या : नुसतं ‘चल’, चॉकलेट किंवा मोबाइल, ‘आईनं बोलावलंय’, ‘माझं पिल्लू हरवलंय, शोधू या’. चॉकलेट नाकारणारं मूल ‘आईनं बोलावलंय’ला फसू शकतं, कारण आईचं ऐकणं हाच त्याचा नियम असतो. प्रत्येकाचा सराव स्वतंत्र हवा, आणि जागाही बदला : जिना, फाटक, बाग, किराणा दुकान. घरात शिकलेलं बागेत आपोआप येईल असं धरून चालू नका.

खरी परीक्षा न सांगता घ्यायची. मुलानं कधी न पाहिलेला, पण तुमच्या भरवशाचा माणूस बोलवा आणि वॉचमनला आधी कल्पना द्या, नाहीतर सोसायटी त्या बिचाऱ्यालाच धरेल! त्यानं मुलाला हात लावायचा नाही, दोन पावलांपुढे न्यायचं नाही. तुम्ही आडोशाला, पण मूल दिसेल असे उभे राहा. ते निघालंच तर रागावू नका, तिथल्या तिथे पुन्हा सराव घ्या. बक्षीस तुम्ही द्या, त्या माणसानं कधीच नाही. महिन्याभरानं परत तपासा.

फोन नंबरचं कार्ड दप्तराच्या आत ठेवा. बाहेर ठळक नाव लिहिलं, तर कोणीही नावानं हाक मारेल.

प्रश्न : अनोळखी माणसाला ‘नाही’ म्हणण्याचा सराव सुरू केल्यापासून मुलगी दूधवाल्यालाही पाहून किंचाळते.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : तिनं ‘जाणं’ आणि ‘दिसणं’ एकच धरलंय. दूधवाला, पोस्टमन, डॉक्टर यांचं वेगळं कार्ड करा : ‘नमस्ते चालेल, बरोबर जायचं नाही.’ आणि ज्यांचे फोटो पहिल्या कार्डावर आहेत, त्यांनाही आंघोळ किंवा शौचाला मदत करण्याची आपोआप मुभा नाही. त्यासाठी दोन-तीन जणांची तिसरी यादी हवी. मुलांना त्रास देणारे बहुतेकदा ओळखीचेच निघतात. गालगुच्चा नको म्हणाली तर घरच्यांनीही हात आवरावा. काही घडल्याची शंका आली तर 1098 (चाइल्डलाइन) किंवा 112 (आपत्कालीन मदत) वर फोन करा.